कुरव स्क्वाड्रनचा पुढचा चॉक

मी एक जुना चॉक आहे. फळ्यावर लिहितात तो नव्हे बरं का, मित्रांनो! तो बिचारा झिजून झिजून संपतो. मी चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. एका अंगाने उतरता, सागवानी, पिवळ्याधमक रंगाचा, आणि चाळिशी उलटली तरी खणखणीत. भारतीय नौदलाच्या कुरव स्क्वाड्रनमधल्या पहिल्या हेलिकॉप्टरचा मी पुढचा चॉक आहे. आज मला इतका आनंद झाला आहे की सगळे नीट क्रमाने सांगता येईल की नाही, कोण जाणे. तरी अगदी पहिल्यापासून सांगतो.

स्क्वाड्रन म्हणजे हेलिकॉप्टरे, ती उडवणारे वैमानिक आणि ती जिवापाड जपणारी माणसे यांचे मिळून एक कुटुंब. आमच्या कुटुंबाचे नाव पडले कुरव. कुरव हा समुद्रावर भिरभिरणारा पांढरा पक्षी आहे. स्क्वाड्रन उभी राहायच्या आधी कोचीच्या एका सुतारखान्यात सागवानाच्या एका फळीतून दोन ठोकळे कापले गेले. एक मी, दुसरा माझा जोडीदार. दोघांना एकेक भोक पाडले आणि त्यांतून एक दोर ओवला. मी चाकाच्या पुढे बसायचो, तो मागे. म्हणून माझे नाव पुढचा आणि त्याचे मागचा. एका फळीचे आम्ही दोघे, पण मध्ये कायम चाक! आयुष्यभर शेजारी राहूनही आम्ही एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही.

स्क्वाड्रनच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला, बँड वाजला आणि पांढरे कपडे घातलेली मोठमोठी माणसे भाषणे करून गेली. आमच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण भाषणे संपेपर्यंत ते हेलिकॉप्टर जागेवर कोणामुळे उभे होते, ते मला ठाऊक आहे.

आमचा कारभार कमलाकर या तरुण नौसैनिकाकडे होता. पुढे बढती मिळत मिळत तो चीफ झाला आणि सगळे त्याला चीफच म्हणू लागले. युद्धनौकेच्या पाठीवर हेलिकॉप्टर उतरायची जागा फार लहान असते. खाली समुद्र हेलकावे देतो, वर पाती गरगरतात, वाऱ्याने माणसाला धड उभे राहवत नाही. हेलिकॉप्टर टेकले रे टेकले की कमलाकर वाकून धावत यायचा आणि आम्हाला चाकाच्या पुढेमागे ठोकून बसवायचा. मग जहाजाने कितीही लोळण घेतली तरी हेलिकॉप्टर तसूभर हलायचे नाही.

पण खरी मजा उड्डाणाच्या वेळी असे. कमलाकर आम्हाला काढायचा, बाजूला पळायचा आणि दोन्ही हातांनी आम्हाला डोक्यावर उचलून वैमानिकाला दाखवायचा. वैमानिक बोटाने मोजायचा. दोन दिसले की अंगठा वर करायचा आणि मगच आकाशात झेपावायचा. आमच्या धंद्यात नुसते काम करून भागत नाही, मित्रांनो. चॉक काढला पण दाखवला नाही, तर तो काढलाच नाही असे धरतात. आणि एखादा चॉक हरवला, तर तो सापडेपर्यंत एकही पाते फिरत नाही. मोठ्यातला मोठा साहेब आला तरी थांबतो. तेव्हा मला किती मान होता याची कल्पना तुम्हीच करा.

पहिली दोन वर्षे कुरवच्या लोकांनी अंधारात, धुक्यात, पावसात उतरायचा सराव केला. मग एका वादळात रत्नागिरीच्या पुढे एक मालवाहू जहाज बुडू लागले. त्या दिवशी आमच्या हेलिकॉप्टरने एवढ्या फेऱ्या मारल्या की आम्ही चाकाखाली बसतो न बसतो तोच पुन्हा डोक्यावर उचलले जात होतो. वर टांगलेल्या दोराने एकेक माणूस लाटांतून ओढून आणला. त्यांतला एक खलाशी थंडीने कुडकुडत चक्क माझ्यावरच बसला. मी त्याला काही बोललो नाही. जो नुकताच समुद्रातून निघाला आहे त्याला बसायला काहीतरी न हलणारे हवे असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. त्यात वैमानिकाचे सगळे दात दिसत होते आणि माझा एक कोपरा.

पुढे कुरवने पुरात अडकलेल्या गावांवर अन्नाची पाकिटे टाकली, भरकटलेले मच्छीमार शोधले, पाणबुड्यांचा माग काढला. स्क्वाड्रनला ढाली मिळाल्या, पदके मिळाली. मला दर वर्षी नवा पिवळा रंग मिळाला आणि मी त्यावर खूश होतो.

मग दिवस फिरले. हेलिकॉप्टरे म्हातारी झाली, त्यांचे सुटे भाग मिळेनात. अखेर स्क्वाड्रनचा झेंडा घडी करून ठेवला. शेवटच्या हेलिकॉप्टरला उडण्याची परवानगी नव्हती, म्हणून ट्रॅक्टरने ओढून नेले. कमलाकरने आम्हाला काढले आणि सवयीने डोक्यावर उचलले. पण समोरच्या काचेआड कोणीच नव्हते. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याने हात खाली घेतले. त्या दिवशी मला पहिल्यांदाच फार वाईट वाटले.

आमचा दोर कापला गेला. मागचा काचेच्या कपाटात गेला आणि मला निवृत्तीची भेट म्हणून कमलाकरच्या हाती दिले. त्याच्या घरी मी खिडकीत बसून राहिलो. काही वर्षांनी त्याची बायको अंजली वारली, तेव्हा त्यांची मुलगी नीता त्याला सिंगापूरला न्यायला आली. ती तिथे चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत काम करते. बॅग भरताना तिने मला बाहेर काढले आणि त्या जागी गोडा मसाला व मेतकूट ठेवले. कमलाकरने मसाला काढून मला आत ठेवले. असे तीनदा झाले. शेवटी नीताने हात टेकले.

आणि काय सांगू, मित्रांनो, मी उडालो! ज्याने जन्मभर दुसऱ्यांना उडताना पाहिले, तो मी एका भल्यामोठ्या विमानाच्या पोटात बसून समुद्र ओलांडून गेलो. उतरल्यावर खालच्या चाकाला माझेच भाऊबंद लागल्याचा आवाज ऐकला. ते रबराचे होते, पण काम चोख होते.

बिशानमधल्या नीताच्या फ्लॅटमध्ये मला नवी नोकरी लागली. बाराव्या मजल्यावर वारा असा की खिडक्या उघडल्या की दार धाडकन आपटायचे. कमलाकरने मला दाराशी लावले आणि दार गप्प झाले. पण नीताचे आणि माझे काही जमेना. ऑफिसला निघायच्या घाईत तिच्या पायाचा अंगठा हमखास माझ्यावर आदळायचा. ती मला तुमचा तो ठोकळा म्हणायची. तिचा राग नुसता अंगठ्याचा नव्हता, हे मला कळत होते. तिच्या लहानपणी तिचे वाढदिवस यायचे तेव्हा बाबा समुद्रावर असायचे, आणि तेव्हा ते माझ्याबरोबर असायचे. तिची मुलगी इरा मात्र माझ्यावर रंगीत स्टिकर चिकटवायची.

आणि एक दिवस फोन आला. पलीकडून लेफ्टनंट निशिगंधा बोलत होती. कुरव स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली होती! नवी हेलिकॉप्टरे, नवे लोक, कुरव पक्ष्याचे चिन्ह मात्र तेच. त्यांतले एक हेलिकॉप्टर घेऊन त्यांचे जहाज चांगीच्या नाविक तळावर येणार होते. माझ्या जोडीदाराला कपाटातून काढून जहाजावर आणले होते. नव्या स्क्वाड्रनला जुनी जोडी पुन्हा कामाला लावायची होती. रविवारी सकाळी कमलाकरने कुटुंबासह जहाजावर यावे आणि मला आणावे, अशी तिने विनंती केली. सोमवारी पहाटे जहाज निघणार होते.

"आणतो," कमलाकर म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने इराला विचारले, "काचेआड वैमानिक असेल ना गं?"

"It's their helicopter, आजोबा. Of course got pilot lah," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

शनिवारी सकाळी कमलाकर मला खाली घेऊन गेला. त्याने स्टिकर खरवडले, पिवळा रंग दिला आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मला उन्हाच्या कडेला वाळत ठेवले. मी नवरदेवासारखा मिरवत होतो. तेवढ्यात समोर एक लॉरी उभी राहिली. सातव्या मजल्यावरचा देवदत्त हा विद्यापीठात संशोधन करणारा तरुण वुडलँड्सला राहायला चालला होता, कारण तिकडे भाडे कमी पडते. त्याचे सामान चढत होते. लॉरी किंचित उतारावर होती आणि तिच्या चाकाखाली काहीही नव्हते.

आता जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कमलाकर एकदा त्या चाकाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. दुसऱ्या कोणाला ते चाक दिसलेसुद्धा नसते. पण ज्याने अर्धे आयुष्य मोकळी चाके थोपवण्यात घालवले, त्याला कसे राहवणार? त्याने मला उचलले, माझा रंग ओला आहे हे विसरला आणि मला नेऊन चाकाखाली ठोकले. आहाहा! कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर चाकाचा भार आला. मी मनातल्या मनात जहाजावर पोचलो.

इतक्यात इराने वरून हाक मारली. जहाजाच्या पासासाठी पासपोर्टचे नंबर हवे होते. कमलाकर वर गेला आणि फोनवर अडकला. इकडे सामान भरून झाले. लॉरीवाल्या लिम अंकलनी मला चाकाखालून ओढले, इकडेतिकडे पाहिले आणि खोक्यांत टाकून दिले. मी ओरडून सांगणार तरी कसे? लॉरी निघाली.

त्यानंतर बिशानमध्ये काय झाले ते मला इराकडून कळले. कमलाकर खाली आला तर लॉरी नाही आणि मीही नाही. त्याने सगळी झाडेझुडपे पालथी घातली, मग वर येऊन खुर्चीत बसला. जेवायला बोलावले तर उठेना. चॉक हरवला की सगळे थांबते, हा स्क्वाड्रनचा नियम त्याने बिशानच्या फ्लॅटला लावला होता. नीताने सुचवले की नवीन ठोकळा करून घेऊ, कोणाला कळणार आहे. कमलाकर तिच्यावर रागावला नाही.

"नीता, शेवटच्या दिवशी मी त्याला उचलला होता, पण बघायला कोणी नव्हतं," तो म्हणाला. "ते काम अजून राहिलंय गं."

बाबांच्या तोंडून नीताने हे आजवर कधीच ऐकले नव्हते. तिने आधी देवदत्तला फोन केला. त्याने बिचाऱ्याने सगळी खोकी उघडून पाहिली आणि असा ठोकळा आपल्या सामानात नाही असे शपथेवर सांगितले. मग तिने लिम अंकलचा नंबर मिळवला.

"Yellow wood ah? I throw inside with the boxes lah," लिम अंकल म्हणाले.

नीताने चप्पल चढवली, बाबांना उठवले आणि तिघे एमआरटीच्या रेल्वेने वुडलँड्सला निघाले.

मी कुठे होतो, सांगू? देवदत्तच्या नव्या घरात स्वयंपाकघराचे दार आपटत होते. सामान उतरवताना समोर दिसलो, म्हणून त्याने मला त्या दाराशी लावून टाकले होते. आणि नीताच्या फोननंतर तो पठ्ठ्या मला ओलांडून ओलांडून सगळ्या घरात मला शोधत होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढे शिकलेला माणूस, पण सगळे लक्ष खोक्यांत.

संध्याकाळी बेल वाजली. तिघे आत आले. कमलाकर दारातल्या स्टुलावर टेकला, इरा खोक्यांत डोकावू लागली आणि नीता अनवाणी, तरातरा स्वयंपाकघराकडे निघाली. ये, अशीच ये, मी मनात म्हणत होतो, अजून दोन पावले ये.

धाडकन तिचा अंगठा माझ्यावर आदळला.

"आई गं!" नीता कळवळली. मग खाली न बघताच ती हसायला लागली. अंगठा हातात धरून, एका पायावर उभी राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाबा, सापडला! हा तुमचाच. मी डोळे मिटून ओळखीन."

कमलाकरने मला मांडीवर घेतले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. देवदत्त खजील होऊन पुन्हा पुन्हा माफी मागत होता. मग सगळ्यांनी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जाऊन पोटभर खाल्ले, आणि मी टेबलावर पाणी पिण्याच्या ग्लासांशेजारी पाहुण्यासारखा बसलो. माझा रंग अजून पुरता वाळला नव्हता. नीताचा अंगठा पिवळा झाला होता आणि काही केल्या धुऊन जाईना.

रविवारी सकाळी मी चांगीला पोचलो. जहाजाची शिडी चढताना कमलाकरचे गुडघे कुरकुरत होते, पण मला त्याने दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही. मागच्या डेकवर नवे कोरे हेलिकॉप्टर उभे होते आणि त्याच्या शेपटीवर तोच पांढरा कुरव उडत होता! निशिगंधा पुढे आली. ती स्क्वाड्रनची वैमानिक होती. तिने कमलाकरला कडक सॅल्यूट ठोकला.

"या चीफ, तुमचीच वाट बघत होतो," ती म्हणाली.

किती वर्षांनी त्याला कोणी चीफ म्हटले होते! त्याची पाठ एकदम ताठ झाली.

मग माझ्या जोडीदाराला आणले. त्यांनी त्याला माझ्यासमोर डेकवर ठेवले, आणि मध्ये चाक नव्हते. मी मागच्याचे तोंड पहिल्यांदा पाहिले, मित्रांनो! काचेच्या कपाटात राहून तो गोरा पडला होता आणि मला उगाच वाटत होते तितका देखणाही नव्हता. पण लाकडाच्या रेषा माझ्याच होत्या. माझ्यावरून निघालेली एक रेष सरळ त्याच्यावर जात होती. कमलाकरने नवा दोर दोघांतून ओवला आणि गाठ मारली. गाठ अगदी पहिल्यासारखीच बसली.

निशिगंधा हेल्मेट चढवून काचेआड जाऊन बसली. पाती फिरत नव्हती, इंजिन बंद होते, पण बाकी सारे खऱ्यासारखे. कमलाकरने गुडघे टेकून आम्हाला चाकाच्या पुढेमागे बसवले. क्षणभर थांबून बाहेर काढले. बाजूला गेला आणि उचलू लागला. आम्ही काही हलके नाही. सत्तरी ओलांडलेल्या त्या हातांनी आम्ही छातीपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. दोन जवान पुढे सरकले, पण निशिगंधाने काचेआडून हात करून त्यांना थांबवले.

मग नीता आली. तिला कोणी बोलावले नव्हते. ती बाबांच्या शेजारी उभी राहिली आणि तिने मला, तिच्या अंगठ्याच्या जन्माच्या वैऱ्याला, दोन्ही हातांनी धरले. कमलाकरने मागच्याला धरले. बापलेकींनी एकदमच आम्हाला डोक्यावर उचलले. मध्ये आमचा नवा दोर झुलत होता, आणि खाली नीताचा पिवळा अंगठा चमकत होता.

निशिगंधाने बोटाने मोजले. एक. दोन. आणि अंगठा वर केला.

कमलाकर रडला. नीताही रडली. इराने मात्र एवढ्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या की शेजारच्या जहाजावरचे लोक बघू लागले. राहिलेले काम झाले होते.

निघायची वेळ झाली. कमलाकरने माझ्या पाठीवर एकदा थाप मारली आणि मला निशिगंधाच्या हाती दिले. शिडीपाशी नीता थांबली. मागे वळून माझ्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तर सगळेच सांगतात. मी थोडे निराळे सांगतो. काचेच्या कपाटात ठेवलात तर आमच्यावर धूळ बसत नाही, पण आमच्या अंगावर भारही येत नाही. घरातल्या जुन्या वस्तूला काम द्या. दाराशी लावा, खिळा ठोकायला घ्या, तुमच्या अंगठ्याला लागली तर दोन शिव्या घाला, पण तिला कामावर ठेवा. ती आधी काय करत होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यालाही कोणीतरी विचारायला हवेच असते. आणि तिचे मूळचे काम तिला परत बोलवायला आले, तर मन घट्ट करून जाऊ द्या.

आता आम्ही भर समुद्रात आहोत. आमचे हेलिकॉप्टर परत येते आहे, आवाज जवळ आला आहे, आणि एक जवान दोर हातात धरून वाकून धावायला तयार उभा आहे. मला घाई आहे. तरी शिडीपाशी झालेले शेवटचे बोलणे तेवढे सांगतो.

"बाबा, आता दाराला काय लावायचं?" नीताने विचारले होते.

"काही नको," कमलाकर म्हणाला. "आपटू दे. दार आपटलं की समजायचं, तो ड्यूटीवर आहे."